विकतचं ओपनिंग बुक : सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये एका विक्रेत्याकडून साडेबाराशे रुपयांना बुद्धिबळ इंजिनासाठी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ओपनिंग बुक घेतलं : डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींची फाइल. नाव देत नाही, कारण फसवलं असंही म्हणता येत नाही. जाहिरातीत मात्र 'इंजिनाची ताकद १०० गुणांनी वाढेल' असं छातीठोक लिहिलं होतं. हे गुण म्हणजे एलो, खेळणाऱ्याची ताकद मोजायचे. आता ऑक्टोबर संपत आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. घरी जुना लॅपटॉप आहे. त्यावर स्टॉकफिश हे इंजिन आणि इंजिनांचे सामने लावायला कटचेस, दोन्ही फुकट. रात्री जेवणं झाली की सामना लावायचा आणि सकाळी चहासोबत निकाल बघायचा, हा छंद. पण आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. पारा बेचाळीसवर गेला की लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर आपोआप मंदावतो. मग चालीला दोन सेकंद दिले, तरी पहिल्या डावातले दोन सेकंद आणि पन्नासाव्यातले दोन सेकंद यांत फरक पडतो. म्हणून मी घड्याळच काढून टाकलं आणि चालीमागे दोन लाख नोड, म्हणजे तपासायच्या स्थिती, ठरवून दिले. या हुशारीनेच पुढे घोळ घातला.

पहिली चाचणी साधी होती. दोन्हीकडे तोच स्टॉकफिश, एकेका थ्रेडवर, म्हणजे विचाराचा एकच धागा. एकाला नवं पुस्तक, दुसऱ्याला काहीच नाही. डाव २००. विजयाला एक, बरोबरीला अर्धा. सकाळी निकाल १५०-५०! गणित केलं तर १९० एलो गुणांची आघाडी निघते. विक्रेत्याने उलट कमीच सांगितलं की काय, असं वाटून मी भाच्याला फोन केला. तो रविवारी आला आणि शेंगाचटणी-भाकरी खात खात त्याने डावांची फाइल उघडली. कटचेस पुस्तकातल्या प्रत्येक चालीपुढे 'बुक' असा शेरा लिहितं. पांढऱ्याची चोविसावी चाल आली तरी शेरा 'बुक'च. पंचविसाव्या चालीला इंजिनाने पहिल्यांदा स्वतः डोकं चालवलं, तेव्हा त्याच्या मते आकडा होता +१.९, पांढऱ्याची बाजू चांगलीच वरचढ. म्हणजे ताट वाढूनच ठेवलेलं, फक्त घास घ्यायचा बाकी.

भाच्याने तिसरा डाव उघडला. तोच. मग पाचवा, सातवा, नव्याण्णवावा. शेवटच्या चालीपर्यंत तोच.

"मामा, हा एकच डाव हाय की ओ. तुम्ही शंभर वेळा मोजलाय."

खरंच होतं. एक थ्रेड आणि ठरलेले नोड असले की स्टॉकफिश तीच स्थिती दिल्यावर तीच चाल खेळतो. त्यात हे पुस्तक असं घासून केलेलं, की बहुतेक ठिकाणी एकच चाल ठेवलेली. त्यामुळे २०० डावांत खरे डाव दोनच : पुस्तकवाल्याने पांढऱ्याने जिंकलेला एक आणि काळ्याने बरोबरीत सोडवलेला एक. मी ताळेबंद जुळवणारा माणूस, आणि एकच पावती शंभर वेळा जमेला धरली.

बुकाने डाव फिरणं नवीन नाही म्हणा. ११ मे १९९७ ला आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने सहाव्या डावात जगज्जेत्या कॅस्पारोव्हच्या कारो-कान सुरुवातीविरुद्ध आठव्या चालीला ई६ वर घोडा दिला, तो बळी यंत्राच्या पुस्तकातूनच आला होता. १९ चालींत डाव संपला. उलटंही झालंय. २०१७ मध्ये अल्फाझिरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिश ८ ला १०० डावांत २८ विजय आणि ७२ बरोबरी असं हरवलं, तेव्हा स्टॉकफिशला पुस्तकच दिलं नव्हतं म्हणून केवढा ओरडा झाला होता.

मग मी तेच पुस्तक दोन्ही बाजूंना दिलं, स्टॉकफिश १५ विरुद्ध १६. बरोबरी, बरोबरी, बरोबरी. दोघंही पुस्तकातून बाहेर पडतात तेव्हा पटावर काही उरलेलंच नसतं. वेगळाच कंटाळा.

आता जे वापरतो ते फुकटातलं आहे. श्टेफान पोल यांनी केलेल्या यूएचओ नावाच्या फाइली, माणसांच्या डावांतून निवडलेल्या आणि मुद्दाम एका बाजूला कललेल्या सुरुवाती. स्टॉकफिशची स्वतःची चाचणी यंत्रणा, फिशटेस्ट, तीही अशा सुरुवाती वापरते. पांढऱ्याला साधारण +१ च्या आसपास सोडायचं. स्टॉकफिश १५.१ पासून +१ चा अर्थच जिंकण्याची शक्यता निम्मी, असा लावलेला आहे. डाव काठावर सुरू होतो. तीच सुरुवात रंग बदलून पुन्हा खेळवायची, आणि हे अजिबात विसरायचं नाही. दोघांनीही पांढऱ्याने जिंकलं तर ती जोडी फिटंफाट. एकाने जिंकलं आणि दुसऱ्याला त्याच जागेवरून जिंकता आलं नाही, तर तिथे खरा फरक दिसतो. आमच्याकडे टॉवेल तोलताना काटा आधी शून्यावर आणतात, तसंच हे.

तरीही १०० डावांवर उड्या मारू नका. ५५-४५ म्हणजे ३५ एलो गुणांची आघाडी दिसते, पण निम्मे डाव बरोबरीत सुटले असं धरलं तरी इकडेतिकडे ४८ गुणांची चूक त्यात बसते. मी आता हजाराखाली निकालच वाचत नाही. तेवढे डाव व्हायला माझ्या लॅपटॉपला दोन-तीन रात्री लागतात, त्यात मध्येच लाइट गेली की बॅटरीवर तो आणखी रखडतो.

साडेबाराशेचं पुस्तक पाचपैकी दोन तारे. एक तारा मेहनतीला, कारण सिसिलियन या सुरुवातीच्या लाइनी खरोखर खोल आहेत. दुसरा भाच्यामुळे. तो शाळेच्या स्पर्धेआधी तीच फाइल उघडून सिसिलियनचा नायडॉर्फ प्रकार पाठ करत बसतो. पंचविसाव्या चालीनंतर काय करायचं ते विचारलं, तर म्हणतो, "तिथपर्यंत समोरचा येऊ दे तर."