मेल वाचणारं अ‍ॅप की मेल मधेच अडवणारं: परवानगी कुणाला द्यायची?

कार्डाची बिलं, तिकिटं, खर्चाचा हिशोब सगळं आपोआप एका जागी दाखवतो म्हणत अ‍ॅप मेलची परवानगी मागतं आणि आपण घाईत अलाउ दाबून मोकळं होतो. कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्री असू दे नाहीतर गांधीनगरात कापडाचं दुकान, धंदा एकाच जीमेलवर चालत असेल तर जरा थांबा, यात दोन वेगळे प्रकार आहेत.

एक म्हणजे नुसती वाचायची परवानगी. गुगलचं पान उघडतं, पासवर्ड अ‍ॅपकडं जात नाही, आणि नंतर गुगल अकाउंटच्या सेटिंगमधनं ती काढताही येते, हे बरंय. खरं आधीच वाचून नेलेलं परत येत नाही. अमेरिकेत अनरोल.मी नावाची नकोशी मेलं बंद करून देणारी फुकट सेवा होती, २०१७ मधे बाहेर आलं की लोकांच्या मेलमधल्या लिफ्ट (उबरसारखीच टॅक्सी कंपनी) च्या पावत्यांची माहिती, नावं काढून का असेना, उबरला विकली जायची.

दुसरा प्रकार मेल वाटेतच अडवायचा. लिंक्डइननं ऑक्टोबर २०१३ मधे आयफोनसाठी इंट्रो काढलं, फोनमधे त्यांचं प्रोफाइल, म्हणजे मेलची सेटिंग बदलणारी फाइल, टाकलं की मेल त्यांच्या सर्व्हरमधनं फिरून यायची आणि पाठवणारा कोण, काय करतो ते मेलच्या वर दिसायचं. सोय भारी, खरं त्यासाठी मधल्या सर्व्हरला तुमची प्रत्येक मेल उघडावीच लागते. सिक्युरिटीवाल्यांनी लगेच आक्षेप घेतला आणि फेब्रुवारी २०१४ मधे कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं.

माझं मत सरळ आहे, अडवणाऱ्याला कधीच नको. फेसबुकसारख्या कितीतरी ठिकाणी पासवर्ड बदलायची लिंक मेलवर येते, म्हणजे मेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळंच. आणि "माझ्याकडं लपवण्यासारखं काय हाय" म्हणणाऱ्यांनी हे बघावं की इनबॉक्समधे पार्टीची ड्रॉइंगं असतात, रेट असतात, कामगारांचे आधार असतात, त्यांना कुणी विचारलंय? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती कामापुरत्या माहितीचीच धरलीय, बिलं बघायला अख्खा इनबॉक्स कशाला?

वाचणारं अ‍ॅप पाहिजेच असेल तर वेगळा जीमेल आयडी काढा, कॉम्प्युटरवर मेन जीमेलमधे फिल्टर लावून फक्त कार्डाची स्टेटमेंटं तिकडं फॉरवर्ड करा, आणि परवानगी त्या नव्या आयडीचीच द्या.