ॲश्टन जेन्टी की बॅरी सँडर्स : सत्तावीस यार्डांच्या पलीकडे

महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोत्तम रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंची, यादी करायला बसलेल्या कोणालाही २०२४ च्या हंगामानंतर एक प्रश्न चुकवता येत नाही : बॉयसी स्टेटच्या ॲश्टन जेन्टीला किती वरचे स्थान द्यायचे, आणि ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये जे करून दाखवले त्याच्या पंक्तीला त्याला बसवता येते का? जेन्टीने त्या हंगामात चेंडू घेऊन धावत २,६०१ यार्ड कापले, तर सँडर्सचा अबाधित विक्रम २,६२८ यार्डांचा आहे. फरक केवळ २७ यार्डांचा असल्याने दोघांना तुल्यबळ ठरवून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ही जवळीक फसवी आहे, आणि तिच्यामुळे सँडर्सवर जेवढा अन्याय होतो तेवढाच जेन्टीवरही होतो.

पहिली अडचण सामन्यांच्या संख्येची. सँडर्सचे २,६२८ यार्ड ११ सामन्यांतले आहेत, जेन्टीचे २,६०१ यार्ड १४ सामन्यांतले. शिवाय २००२ पूर्वी हंगामाअखेरच्या बाउल सामन्यांतील कामगिरी अधिकृत हिशेबात धरली जात नसे. त्यामुळे सँडर्सने हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध केलेल्या २२२ यार्डांची आणि ५ टचडाउनची (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याची) नोंद विक्रमाबाहेर राहिली. आजच्या नियमाने मोजले तर त्याची बेरीज २,८५० होते. उलट जेन्टीचे पहिल्या ११ सामन्यांतले यार्ड २,०६२ भरतात. म्हणजे प्रतिसामना हिशेबात, सँडर्सचे सुमारे २३९ आणि जेन्टीचे सुमारे १८६ असे पाहिले, तर स्पर्धा उरतच नाही.

यावर जेन्टीच्या बाजूने दिले जाणारे उत्तर असे की, बॉयसी स्टेटने अनेक सामने लवकर खिशात घातले आणि त्याला बाकावर बसवले. ते खरेच आहे. युटा स्टेटविरुद्ध पूर्वार्धातच १८६ यार्ड झाल्यावर तो पुन्हा मैदानात उतरला नाही. म्हणून सामन्यांऐवजी संधी मोजणे अधिक न्याय्य ठरेल, आणि येथे एक विलक्षण योगायोग मदतीला येतो. पेन स्टेटविरुद्धच्या शेवटच्या सामन्यापूर्वी जेन्टीने १३ सामन्यांत ३४४ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती, आणि सँडर्सच्या विक्रमी हंगामातील धावाही नेमक्या ३४४ च होत्या. तेवढ्याच संधींत जेन्टीचे २,४९७ यार्ड व २९ टचडाउन झाले, सँडर्सचे २,६२८ यार्ड व ३७ टचडाउन. अंतर १३१ यार्डांचे आणि ८ टचडाउनचे. मोठे खरे, पण सामन्यांच्या हिशेबाने दिसते तेवढे प्रचंड मुळीच नव्हे.

समोरच्या संघांचा दर्जा हा वादाचा नेहमीचा मुद्दा. बॉयसी स्टेट ज्यात खेळला ती माउंटन वेस्ट ही दुय्यम ताकदीची परिषद (आपापसांत खेळणाऱ्या संघांचा गट) आहे आणि जेन्टीचे बरेचसे यार्ड तिथलेच, हा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र तो घेणाऱ्यांनी सँडर्सचे वेळापत्रकही उघडून पाहावे. त्याने एका हंगामात चार वेळा तीनशे यार्डांचा टप्पा ओलांडला, त्यांपैकी दोन सामने कॅन्सस आणि कॅन्सस स्टेटविरुद्धचे होते, आणि या दोन संघांनी मिळून त्या वर्षी जिंकलेला एकमेव सामना एकमेकांविरुद्धचाच होता. बलाढ्य संघांविरुद्धचे आकडे पाहिले तर सँडर्सने नेब्रास्काविरुद्ध १८९ आणि ओक्लाहोमाविरुद्ध २१५ यार्ड केले. जेन्टीने पुढे अपराजित राहून अव्वल मानांकन मिळवणाऱ्या ओरेगॉनविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, २५ धावांत १९२ यार्ड आणि ३ टचडाउन केले. तिन्ही सामने त्यांच्या संघांनी गमावले, ओरेगॉनचा तर शेवटच्या क्षणी ३७-३४ असा. या कसोटीवर मला दोघांत फारसा फरक दिसत नाही.

फरक दिसतो तो यार्ड मिळवण्याच्या पद्धतीत, आणि जेन्टीचा खरा दावा तिथे आहे. दोघेही बुटके, साधारण पाच फूट आठ-नऊ इंचांचे, दोघांचेही धड जमिनीलगत आणि मांड्या दणकट. पण सँडर्स हाती लागत नसे, तर जेन्टी हाती लागूनही थांबत नसे. चेंडू खेळात येण्यापूर्वी बहुतेक रनिंग बॅक गुडघ्यांवर हात टेकून किंचित वाकून उभे राहतात; हा मात्र ताठ, दोन्ही हात मोकळे सोडून, जणू बसची वाट पाहत उभा असतो. मग चेंडू हातात आला की पहिला बचावपटू कंबरेला धरतो, दुसरा खांद्यावर आदळतो, आणि तरीही पाय चालूच राहतात. अंगाला पकड बसल्यावरही मध्यरेषेकडे खेचत जाणारा कबड्डीतला चढाईपटू ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या एकूण यार्डांपैकी सुमारे तीन चतुर्थांश यार्ड बचावपटूचा पहिला स्पर्श झाल्यानंतरचे होते. १९८८ साठी अशी मोजणी उपलब्ध नसल्याने आकड्यांनी तुलना होऊ शकत नाही. तथापि सँडर्सपुढची, त्याला वाट मोकळी करून देणारी आघाडीची फळी नावाजलेली होती, शिवाय क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) माइक गंडी आणि रिसीव्हर (तो झेलणारा) हार्ट ली डाइक्स यांच्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना सगळा बचाव केवळ त्याच्याभोवती उभारणे परवडत नसे. जेन्टीला ती सवलत क्वचितच मिळाली.

तरीही सवलत नसण्याची किंमत पेन स्टेटने वसूल केलीच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी फिएस्टा बाउलमध्ये विक्रम मोडण्यासाठी १३२ यार्ड हवे असताना त्याला ३० धावांत १०४ यार्डांवर रोखले गेले, एकही टचडाउन झाला नाही आणि बॉयसी स्टेट ३१-१४ असा हरला. याउलट १९८८ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक सँडर्सला जाहीर झाला तेव्हा तो टोकियोत होता, आणि तिथे टेक्सास टेकविरुद्ध त्याने ३३२ यार्ड ठोकले. जेन्टीला त्याच करंडकाच्या मतदानात कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरमागे दुसरे स्थान मिळाले, जे मला अयोग्य वाटत नाही.

धावण्याव्यतिरिक्तच्या गुणांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. सँडर्सने १९८८ च्या हंगामाची सुरुवातच किकऑफ, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने सुरुवातीला लाथाडलेला चेंडू, परतवून टचडाउनने केली होती. जेन्टीने २०२३ मध्ये झेल घेऊन ५६९ यार्ड मिळवले होते, पण पुढल्या वर्षी त्याचा हा गुण फारसा वापरला गेला नाही.

तेव्हा निव्वळ एका हंगामाची कामगिरी तोलायची असेल तर सँडर्सला पहिले स्थान द्यावे. त्यात घासाघीस करण्यासारखे काही नाही. जेन्टीच्या बाबतीत खरा निर्णय दुसऱ्या स्थानाचा आहे, आणि तिथे विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन वाट अडवून उभा आहे. २०१४ मध्ये गॉर्डनने ३४३ धावांत २,५८७ यार्ड आणि २९ टचडाउन केले, म्हणजे जवळपास तेवढ्याच संधींत जेन्टीपेक्षा ९० यार्ड जास्त, तेही अधिक तगड्या परिषदेत. मात्र विस्कॉन्सिनची आघाडीची फळी पिढ्यान्‌पिढ्या धिप्पाड आणि शिस्तबद्ध, आणि ओहायो स्टेटने तिला मागे रेटले त्या ५९-० च्या सामन्यात गॉर्डन २६ धावांत ७६ यार्डांवर अडकला. फळी मोडल्यावरही यार्ड कोण काढतो, हा निकष जो महत्त्वाचा मानेल त्याने जेन्टीला दुसरा आणि गॉर्डनला तिसरा लिहावे; मी तसेच लिहितो.