रेव्हिस आणि वुडसन: कॉर्नरबॅकच्या कारकिर्दीच्या दोन वाटा

अमेरिकन फुटबॉलमधील कॉर्नरबॅकची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पास झेलणाऱ्या खेळाडूंना (रिसीव्हरना) रोखणाऱ्या बचावपटूची, सारी भिस्त पायांवर असते आणि तिशीनंतर तेच पाय मंदावू लागतात. अशा वेळी जागा सोडायची नाही की मागे सरकून सेफ्टी (बचावफळीत सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू) व्हायचे, हा प्रश्न डॅरेल रेव्हिस आणि चार्ल्स वुडसन यांनी निरनिराळ्या रीतीने सोडवला.

२००७ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे आलेला रेव्हिस प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम रिसीव्हरला बहुधा एकट्यानेच रोखत असे. क्वार्टरबॅक (पास फेकणारे खेळाडू) त्याच्या बाजूला चेंडू फेकणेच टाळत, त्यामुळे ११ हंगामांत त्याच्या नावावर केवळ २९ इंटरसेप्शन (मधेच हिरावलेले पास) दिसतात. निव्वळ आकड्यांवरून त्याचे मोल ठरवणारा हमखास फसतो. २०१२ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्यावर टॅम्पा बे संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला खरा, पण त्यातल्या एका डॉलरचीही हमी नव्हती आणि एका हंगामानंतर त्याला मोकळे करण्यात आले. (पुढच्याच हंगामात न्यू इंग्लंडकडून त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.)

वुडसनने मात्र २०१२ मध्ये, पस्तिशीत, ग्रीन बेमध्ये सेफ्टीची जागा पत्करली. तेथे मागे उभे राहून क्वार्टरबॅकची नजर वाचता येते आणि वेगाची उणीव अनुभव भरून काढतो. २०१५ मध्ये, एकोणचाळिशी गाठल्यावर, ओकलंडकडून खेळताना त्याने क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे दोन पास एकाच सामन्यात हिरावले. एकूण १८ हंगाम, ६५ इंटरसेप्शन.

दीर्घ कारकीर्द हवी असेल, तर वुडसनची वाट निःसंशय शहाणपणाची. तरीही २००९ चा सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याला मिळून रेव्हिस दुसरा ठरला, हा निवाडा मला आजही पटत नाही.