परिपाठासाठी घेतलेली हातपेटी: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, पट 31 आणि शिक्षक दोन. दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांनी शाळेला काहीतरी द्यायचे ठरवले, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत टीव्हीपासून प्रवेशद्वाराच्या कमानीपर्यंत अनेक सूचना आल्या आणि मी एक हातपेटी, म्हणजे हाताने भाता मारायची हार्मोनियम, मागितली. वर्गणी जमली, पेटी आली आणि आता तिने कोकणातले दोन पावसाळे काढले आहेत. प्राथमिक शाळेने पेटी घ्यावी का आणि घ्यायची तर कोणती घ्यावी, हे अनेक शिक्षक विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पेटी मागण्यामागे हौसेपेक्षा अडचण मोठी होती. शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची जी तरतूद आहे, ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. त्याखालच्या वर्गांना भागाकार शिकवणाऱ्या बाईच गाणेही शिकवतात. आमच्यासारख्या शाळेत संगीताची रोजची हक्काची जागा म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत, प्रार्थना आणि एखादे समूहगीत, एवढे गाणे प्रत्येक मूल वर्षभर रोज गाते. राष्ट्रगीत 52 सेकंदांत आणि राज्यगीत 1 मिनिट 41 सेकंदांत म्हणायचे हे ठरलेले आहे; सूर मात्र ज्याने सुरुवात केली त्याच्या गळ्यावर सोडलेला असतो. आमच्याकडे ती सुरुवात मी करीत असे आणि चूक तिथेच होत होती.

माझा स्वतःचा सूर काळी चार, म्हणजे पेटीवर सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. बहुतेक बायकांचा तो याच्याच आसपास असतो. त्या सुरात मी राष्ट्रगीत सुरू केले की मला ते छान जमायचे, पण पहिली-दुसरीची मुले खालच्या ओळींना केवळ ओठ हलवत किंवा एकाच जाड सुरात पुटपुटत. या मुलांना गळाच नाही, असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. पेटी आल्यावर एके दिवशी मी मधल्या सप्तकातली काळी एक धरून सुरुवात केली, म्हणजे माझ्या नेहमीच्या सुरापेक्षा पाच अर्धस्वर वर (लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर). शेवटच्या ‘जय हे’ला राष्ट्रगीत तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जाते, तिथे माझा आवाज फाटला आणि मुलांचा मात्र मोकळा लागला. चौथीच्या रांगेतल्या दोघांनी तर मागे वळून पाहिले, कारण एरवी गप्प असणारी पहिलीची रांग त्यांच्यापेक्षा मोठ्याने गात होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा गळा साधारण या मधल्या काळी एकपासून वरच्या काळी एकपर्यंत सहज फिरतो, त्याखाली तो फारसा उतरत नाही, ही गोष्ट मला त्या सकाळी कळली. शिक्षिकेच्या गळ्याला न परवडणारा, पण मुलांच्या गळ्याला मानवणारा सूर रोज न चुकता देणे, हे शाळेतल्या पेटीचे पहिले काम आहे. साथसंगत त्यानंतर येते.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. आम्ही घेतली ती साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्यांची, डबल रीडची साधी हातपेटी; डबल रीड म्हणजे प्रत्येक पट्टीला हवेने थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या दोन जिभा. लाकडी खोक्यासह 18,000 रुपये पडले. दुकानदाराने स्केलचेंजरची पेटी घेण्याचा पुष्कळ आग्रह केला. तिच्यात पट्ट्यांची सगळी पाटी डावी-उजवीकडे सरकवता येते, त्यामुळे बोटे तीच ठेवून कोणत्याही सुरात वाजवता येते, हे खरे. परंतु ती बरीच जड असते, किंमत जवळजवळ दुप्पट होते आणि जितके भाग हलतात तितके बिघडतात. जी पेटी चौथीची दोन मुले दोन बाजूंनी धरून वर्गातून व्हरांड्यात आणतात, ती साधी आणि हलकीच असावी, या मतावर मी आजही ठाम आहे.

पेटी घेताना गावातले भजनी बुवा सोबत आले होते, हे आमचे नशीब. त्यांनी पेटीच्या समोरच्या, ओढायच्या सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरला आणि हात काढून वाट पाहिली. भाता लगेच बसला तर हवा कुठूनतरी निसटते आहे असे समजायचे. नंतर एकेक पट्टी अगदी कमी हवेवर वाजवून पाहिली, कारण चांगला सूर जराशा हवेवरही बोलतो आणि सुस्त सूर जोराने भाता मारल्याशिवाय जागा होत नाही. पहिली वाजवायला घेतलेली पेटी त्यांनी याच कारणाने बाजूला ठेवली, दुसरी घेतली. त्या दहा मिनिटांत मी जे शिकले ते दुकानातल्या छापील माहितीपत्रकात नव्हते.

समोरच्या खुंट्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मला या पेटीचा सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच झाला. आमच्या पेटीला, ओढल्यावर एकच सूर अखंड वाजत ठेवणाऱ्या पाच खुंट्या आहेत आणि त्या पाचही काळ्या सुरांच्या आहेत. काळी एक हा षड्ज धरला की त्याचा पंचम येतो काळी चार. म्हणजे या दोन खुंट्या ओढून नुसता भाता मारला तरी मुलांना सोयीचा सा-प घुमत राहतो. एकाही पट्टीला बोट लावावे लागत नाही. पेटी अजिबात न येणारे माझे सहकारी गुरुजी मी रजेवर असताना असाच परिपाठ घेतात आणि तो माझ्याइतकाच सुरात होतो. ज्या शाळेत कुणालाच वाजवता येत नाही, तिने पेटी घेऊन काय करायचे, या प्रश्नाला माझ्याकडे एवढे उत्तर आहे. मात्र घेण्यापूर्वी त्या खुंट्या कोणत्या सुरांच्या आहेत हे वाजवून पाहावे.

तक्रारी आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिल्याच वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चौथीतली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, “बाई, ही पट्टी वर येणा नाय.” दमट हवेने लाकूड फुगून मधल्या सप्तकातली पांढरी तीन शेजारच्या पट्टीला घासत होती, एकदा दाबली की ती तशीच आत राहायची आणि भाता सुरू असेपर्यंत रडत राहायची. आठवड्याभरात आणखी दोन पट्ट्यांचे तेच झाले. विक्रीच्या वेळी “काही झाले तर आमचा माणूस येऊन जाईल” असे सांगणाऱ्या दुकानाला मी चार वेळा फोन केला, प्रत्येक वेळी पुढच्या सोमवारचे आश्वासन मिळाले आणि ऑगस्ट संपला तरी माणूस आला नाही. शेवटी बुवांनीच वरची फळी काढली, पट्ट्या एकेक करून बाहेर घेतल्या, त्यांच्या कडांवरून पॉलिश पेपरचे दोन-दोन हात फिरवले आणि परत बसवल्या. अर्ध्या तासाचे काम होते. विकणारा जवळ असण्यापेक्षा दुरुस्त करणारा जवळ असणे महत्त्वाचे, आणि आमच्या भागात भजनाची मंडळे असल्यामुळे तो असतोच; इतर जिल्ह्यांतल्या शाळांनी हे आधी विचारून ठेवावे.

दुसऱ्या पावसाळ्यात मी शहाणी झाले होते. पेटी जमिनीवरून उचलून फळीवर आली, खोक्यात डांबराच्या गोळ्या आल्या आणि शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी सगळ्या पट्ट्या एकदा खालून वर वाजवून पाहायची पाळी लावली, कारण न वाजणाऱ्या पेटीला ओल जास्त धरते, असे बुवा सांगतात. त्या वर्षी फक्त एकच पट्टी अडकली. तार सप्तकातला एक सूर घोगरा झाला आहे, बहुधा रीडखाली धूळ बसली असावी; तो तेवढा अजून तसाच आहे. भाता सुरुवातीला करकरत असे, आता करकरत नाही. मुलांच्या हातांनी तो आपोआप रुळला.

पेटीवर संगीतातल्या जाणकारांचा जुना आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. मूळची ही युरोपातली वस्तू. पॅरिसमध्ये 1840च्या दशकात पायाने भाता चालवायची पेटी तयार झाली आणि पुढे कोलकात्यात ती मांडी घालून बसणाऱ्यांच्या सोयीची, हाताच्या भात्याची झाली. तिचे बारा सूर सारख्या अंतरावर बांधलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. शिवाय मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणे, तिला काढताच येत नाही. याच कारणांवरून 1940 साली आकाशवाणीने तिला दार बंद केले होते आणि ते पुढे तीस वर्षांनी किलकिले झाले. हे सर्व मान्य करूनही, दुसरीच्या मुलाला सा आणि प यांत हरवू न देणे हा माझ्यापुढचा प्रश्न आहे, आणि सा-प पेटीवर जवळजवळ निर्दोष असतात. आक्षेपाचा मान राखून मी एवढेच करते की गाणे बसले की पेटीवर चाल वाजवणे बंद करते, फक्त सा-प चालू ठेवते आणि मुलांचा गंधार मुलांना शोधू देते. तसे केले की मुले एकमेकांचे ऐकू लागतात. चाल पेटीवर वाजत असली की ती पेटीच्या मागे फरफटतात.

मोबाइलवरचा तानपुरा फुकट मिळतो, मग पेटी कशाला, असे बैठकीत एका पालकांनी विचारले होते. मी तोही वापरते. व्हरांड्यात 31 मुले गाऊ लागली की मोबाइलचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि मोठा स्पीकर जोडायचा तर आमच्याकडे पावसाळ्यात वीज आहे की नाही ते आधी पाहावे लागते. आणखी एक बारकावा असा की आमची पेटी मोबाइलच्या तानपुऱ्यापेक्षा किंचित चढी लागली आहे. दोन्ही एकत्र वाजवले तर आवाज थरथरतो, म्हणून तानपुरा तेवढा वर चढवून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड शेजारच्या केंद्रशाळेत पाहिला. मुले त्यातले तयार ठेके लावून त्यांवर नाचतात, जे वाईट नाही, पण गाणे बाजूला राहते. तबला आमच्याकडे पावसाळ्यात उतरतो आणि लहान हातांना दाद देत नाही. झांजा आणि खंजिरीवर आमचे भागते.

माझी स्वतःची एक चूकही नोंदवते. पहिल्या महिन्यात मी पट्ट्यांवर सा, रे, ग, म अशा रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मुलांनी त्या झटपट पाठ केल्या, सारेग-रेगम असे अलंकारही वाजू लागले, पण पुढे दुसऱ्या पट्टीवरून सा घेतला तेव्हा सगळा वर्ग म्हणाला की बाई चुकल्या, हा रे आहे. सा म्हणजे पट्टी नव्हे, जिथून सुरुवात करू तो सूर, हे पटवायला मला पुढचे तीन महिने लागले. चिठ्ठ्यांचा डिंक अजून दोन पट्ट्यांवर दिसतो.

आता दिवाळीच्या सुट्टीत पेटी सुरात लावून घ्यायची आहे. तोच घोगरा सूर, भात्याच्या घडीला पडलेले एक बारीक भोक, ज्यावर सध्या मी कापडाचा तुकडा चिकटवला आहे, आणि खोक्याची निखळलेली बिजागरी, इतकी कामे निघतील. दुकानाकडे मी ती नेणार नाही; बुवांच्या ओळखीचे एक कारागीर कुडाळच्या बाजूला बसतात, त्यांच्याकडे नेणार आहे, आणि या वेळी पहिलीतली दोन मुले सोबत नेण्याची परवानगी मी पालकांकडून घेतली आहे, म्हणजे लावून झालेली काळी एक जागेवरच गाऊन पाहता येईल.