जुन्या पिकअपमधलं प्युजो: बांधायचं, डीआय बसवायचं, की एमहॉक?

गाडी महिंद्राची, इंजिन प्युजोचं, वय पंचविशीच्या पुढे. दर आठवड्याला ऑइल टाकावं लागतं, घाटात रिकामी गाडीसुद्धा दुसऱ्या गिअरवर येते आणि फिटर सांगतो की बोअर गेलं, म्हणजे सिलिंडर आतून झिजले. मग गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात: हेच इंजिन बांधा (खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडा), महिंद्राचंच डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन बसवा, नाहीतर स्कॉर्पिओचं एमहॉक टाका. माझं मत आधीच सांगतो. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) धड असतील तर प्युजोच बांधा. ते गेले असतील तर डीआय. भाड्याच्या गाडीत एमहॉक नको.

प्युजोच्या एक्सडीपी ४.९० या नावातच त्याचं माप आहे: ४ सिलिंडर, ९० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). एकूण २११२ सीसी. यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातल्या, छोट्या चेंबरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे इंजिन मऊ चालतं, पण बरीच उष्णता हेडमधून पाण्यात जाते. थंडीत हीटर प्लगशिवाय ते उठत नाही, आणि रेडिएटर चोंदला की हेड गॅस्केटवर संकट आलंच. खरी अडचण सुट्या भागांची. पिस्टन-रिंगचा सेट हातात आल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका. आमची गाडी पार्टची वाट बघत अख्खा द्राक्षाचा हंगाम उभी होती.

डीआय २५२३ सीसीचं. बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १०१.६, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. ट्रॅक्टरच्या खानदानातलं इंजिन, स्वभावही तसाच. प्युजोचा स्ट्रोक जेमतेम ८३ मिमी. लांब स्ट्रोकमुळे डीआय कमी आरपीएमलाच (कमी फेऱ्यांवरच) ओढतं, भरलेली गाडी चढावर उठवताना क्लच जाळावा लागत नाही. डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात असल्यानं खर्चही कमी. बदल्यात आवाज आणि थरथर सोसावी लागते. पार्ट मात्र तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि माझ्या लेखी हीच त्याची सगळ्यात मोठी बाजू.

पण पैसे इंजिनापेक्षा जोडणीत जातात. गिअरबॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्लच, माउंटिंग आणि व्हॅक्यूम पंप हे सगळं एकाच गाडीचं, एकदम उचला. व्हॅक्यूम पंप राहिला तर ब्रेकचा बूस्टर मेला म्हणून समजा. गिअरबॉक्सची लांबी वेगळी निघाली तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) कापावा लागतो. तो नुसता वेल्डिंग करून बसवला, बॅलन्स केला नाही, तर वेगात गाडी हादरते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) जातात. जुना डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा) तसाच ठेवला तर टॉप गिअरमध्ये इंजिन ओरडत राहील, हेही आधीच धरून चाला.

एमहॉक २००८ साली स्कॉर्पिओत आलं: २१७९ सीसी, १२० अश्वशक्ती. इंजिन उत्तमच. पण ते कॉमन रेल आहे, त्यात डिझेलचं इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक असतं, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, पेडलचा सेन्सर सगळं सोबत हवं. बिघडलं तर स्कॅनरशिवाय हात लावता येत नाही. शिवाय एवढा जोर जुन्या गिअरबॉक्सवर आणि चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर टाकायचा, हे मला पटत नाही.

आता कागद. हे इंजिन खाली उतरवण्याआधी बघायचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २११२ च्या जागी २५२३ सीसी आलं की प्रश्न उभा राहतोच. म्हणून आरटीओत आधी लेखी अर्ज द्या आणि परवानगी हातात घ्या. ती मिळाली नाही तर प्युजो बांधणं हाच रस्ता. ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, त्यामुळे न जुळणारा इंजिन नंबर फार दिवस लपत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तोच नंबर आधी बघते.

भंगारातून इंजिन घेताना त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि विक्रीचं बिल मागा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, तिथून निघा.