जोडताऱ्यांसाठी दुर्बीण: 4 इंची भिंग की 6 इंची आरसा?

शहरात राहून आकाश बघायचं असेल, तर जोडतारे, म्हणजे डोळ्यांना एक पण दुर्बिणीत दोन दिसणारे तारे, हा सगळ्यात भरवशाचा विषय आहे. दीर्घिका आणि तेजोमेघ शहरी उजेडात विरून जातात. जोडताऱ्यांना रस्त्यावरचे दिवे किंवा पौर्णिमेचा चंद्र फारसा आडवा येत नाही. दुर्बीण घ्यायची वेळ आली, की मात्र दोन पर्यायांत अडायला होतं. एक, 102 मिलिमीटर व्यासाची आणि मीटरभर लांबीची भिंगाची दुर्बीण. दुसरी, 150 मिलिमीटर आरशाची, जमिनीवर ठेवायची डॉबसोनियन. मी दोन्ही वापरल्या आहेत. माझा कल एकीकडे आहे, तरी तुमची गच्ची माझ्यासारखी नसेल, तर तुमचा निर्णय उलटाही होऊ शकतो.

आधी हिशोब. एकोणिसाव्या शतकात विल्यम डॉस या इंग्रज निरीक्षकाने अनुभवातून एक नियम बसवला: 116 ला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, म्हणजे किती विकला (एका अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक विकला) अंतरावरचे दोन तारे वेगळे दिसू शकतील ते कळतं. 102 ला उत्तर येतं 1.14 विकला, 150 ला 0.77. कागदावर आरसा सरळ पुढे आहे, आणि त्याच पैशांत आरशाचा व्यास नेहमी मोठाच मिळतो. पण हा नियम सारख्या तेजाच्या दोन ताऱ्यांसाठी आहे आणि हवा शांत आहे असं तो धरून चालतो. हवा उकळत असेल, तर दोन्ही दुर्बिणींत सारखाच थरथरता ठिपका दिसतो.

सोप्या जोड्यांवरून निर्णय करू नका. सप्तर्षींतला वसिष्ठ घ्या. अरुंधती तर नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच 14 विकलांवर दुभंगतो. हंसातला अल्बिरिओ, सोनेरी आणि निळा, सुमारे 35 विकला. या जोड्या दोन्हींत सुंदर दिसतात.

फरक दिसतो तो एक तारा झगझगीत आणि दुसरा मंद असतो तेव्हा. मृगातल्या राजन्याचा सोबती साडेनऊ विकला दूर आहे, पण कित्येक पटींनी मंद. भिंगाच्या दुर्बिणीत राजन्य म्हणजे बारीक वलय असलेला नीटस बिंदू, आणि त्याच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढा सोबती. आरशाच्या दुर्बिणीत नळीच्या तोंडाशी छोटा आरसा आणि त्याला धरणाऱ्या पट्ट्या असतात. त्यामुळे ताऱ्याला प्रकाशाचे काटे फुटतात, आणि सोबती नेमका काट्यावर आला की हरवतो. भिंगालाही दोष आहे. साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत अभिजित किंवा राजन्याभोवती जांभळट झाक येते. मीटरभर लांबीच्या नळीत ती सौम्य असते. तेवढ्याच व्यासाच्या आखूड नळीत ती नकोशी होते. जोडताऱ्यांसाठी आखूड भिंग घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

आता गच्ची. दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. डॉबसोनियनची नळी गुडघ्याच्या जरा वर टेकलेली असते आणि आपल्याकडच्या गच्चीचा कठडा छातीला लागतो. माथ्यावरचे तारे आरामात दिसतात, पण दक्षिणेचे? मित्र, म्हणजे नरतुरंगातला पहिला तारा, पुण्यातून जेमतेम 11 अंश वर येतो. मे महिन्यात साडेअकराच्या सुमारास तो दक्षिणेला असतो, आणि डॉबसोनियन मागे सरकवत गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली तरच कठड्यावरून डोकावतो. उंच तिपाईवरची भिंगाची दुर्बीण त्याच्याकडे सहज वळते. मित्र हाही जोडतारा आहे, आणि ही जोडी चुकवू नये असं मला फार वाटतं. तिचं जोडपण पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते 1689 च्या डिसेंबरात, पुदुच्चेरीहून, झाँ रिशो या जेझुइट पाद्र्याने. दोन तारे 80 वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. 2016 च्या आसपास ते 4 विकलांपर्यंत जवळ आले होते, आता पुन्हा दूर चालले आहेत.

उलट, माथ्यावरच्या ताऱ्यासाठी लांब भिंगाची दुर्बीण त्रासदायक आहे. डोळा लावायचं टोक खाली जातं आणि तुम्ही जवळजवळ जमिनीवर बसता. डॉबसोनियनला एक स्टूल पुरतं.

ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणं हाही मोठा मुद्दा. 200 पट वर्धनाला साधारण आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, दिसणारं आकाश पाव अंशाचं असतं. आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा ते मिनिटभरात ओलांडून जातो. डॉबसोनियन हाताने ढकलावी लागते, आणि ढकलल्यावर नळी स्थिर होईपर्यंत शांत हवेचा तो क्षण निघून जातो. सवय होते, पण पहिले दोन महिने चिडचिड होते. भिंगाच्या दुर्बिणीसोबत अनेकदा विषुववृत्तीय माउंट (एक अक्ष ध्रुवाकडे रोखायची दुर्बिणीची बैठक) मिळतो. तो युरोपातल्या अक्षांशांना सोयीचा. आपल्याकडे ध्रुव 16 ते 22 अंशांवर, बहुधा समोरच्या इमारतीमागे, आणि काही स्वस्त माउंटांचा वजनाचा दांडा इतक्या कमी अक्षांशाला तिपाईच्या पायाला अडतो. त्याऐवजी वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा, बारीक हालचालीचे खुंटे असलेला साधा माउंट घ्या. आणि तिपाई जाड पायांची हवी. कुणी गच्चीवर चाललं की 200 पटीला तारा नाचतो.

पावसाळ्याचंही बघा. कोकणात आणि मुंबईत चार महिने बंद पडलेल्या भिंगावर बुरशी चढते, आणि ती दोन भिंगांच्या मधल्या फटीत गेली तर घरी काढता येत नाही. आरशाचा मुलामा खराब झाला तर पुन्हा चढवून घेता येतो. काहीही घेतलंत तरी सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा आधी आणा. आरशाला अधूनमधून कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, करावं लागतं. ते जमलेलं नसेल, तर 6 इंची आरसा 4 इंची भिंगापुढे हरतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत आरशाला बाहेर निवायला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. भिंग लवकर तयार होतं, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी जेवण झाल्यावर वीस मिनिटं आकाश बघणाऱ्याच्या हातून भिंगच जास्त वापरलं जातं.

127 मिलिमीटरची माकसुतोव्ह, म्हणजे आरसा आणि भिंग दोन्ही असलेली आखूड दुर्बीण, हा तिसरा पर्याय. छोटी, बाल्कनीत मावणारी, जोडताऱ्यांना चांगली. पण तिचं क्षेत्र अरुंद असल्याने नवख्याला तारा सापडवायला वेळ लागतो. फक्त बाल्कनीच असेल तर तीच घ्या.

माझं मत: शहरातली गच्ची आणि थोडा वेळ एवढंच हाताशी असेल, आणि जोडतारेच बघायचे असतील, तर 102 ची लांब भिंगाची दुर्बीण. महिन्यातून एकदा गावी जाऊन तेजोमेघही बघणार असाल, किंवा विकलेच्या आसपासच्या जोड्यांचं वेड लागणार असेल, तर 150 ची डॉबसोनियन.

पैसे देण्याआधी एका ताऱ्यावर दोन्ही पारखून बघा. वृश्चिकाच्या डोक्याजवळ न्यू वृश्चिक आहे, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेला चांगला उंच येतो. कमी वर्धनाला तिथे 41 विकला अंतराचे दोन तारे दिसतात. त्यांतला मंद तारा स्वतः दुहेरी आहे, 2.4 विकलांचा. हे 1847 मध्ये शोधलं विल्यम जेकब या लष्करी इंजिनिअरने. त्याने 1842 मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली होती आणि तिथल्या 5 फूट लांबीच्या, डॉलंड कंपनीच्या भिंगाच्या दुर्बिणीतून पाहिलेल्या 244 जोडताऱ्यांची यादी 1848 मध्ये केली. 102 च्या भिंगात ही 2.4 विकलांची जोडी 150 पटीला सुटायला हवी. तेजस्वी ताराही दुहेरी आहे, पण जेमतेम 1.3 विकलांचा, तो बर्नहॅम या अमेरिकन निरीक्षकाने नंतर शोधला. भिंगात तो फार तर लांबट दिसेल. शांत रात्री, नीट कोलिमेशन केलेल्या 150 च्या आरशात मधली काळी फट दिसू शकते. ती फट बघायचा ध्यास तुम्हाला किती आहे, त्यावर पैसे कुठे घालायचे ते ठरवा.