'ओवेन मीनी' की 'पीस लाइक अ रिव्हर'? एकच वाचणार असाल तर

घर, श्रद्धा आणि चमत्कार हे तिन्ही एकाच कादंबरीत हवं असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात दोन नावं येतात. जॉन अर्व्हिंगची 'अ प्रेअर फॉर ओवेन मीनी' (१९८९) आणि लीफ एंगरची 'पीस लाइक अ रिव्हर' (२००१). दोन्ही वाचल्यात, दोन्ही लोकांना दिल्यात आणि दोन्हींवरून वादही घातलेत. शेवट कुठलाही फोडणार नाही, पण मधलं थोडंफार सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

वरवर बघितलं तर दोन्हींचा साचा सारखाच वाटतो. अमेरिकेतलं छोटं गाव, मोठा झालेला नॅरेटर मागे वळून सांगतोय, आणि मूळ घटना घडते तेव्हा तो अकरा वर्षांचा. ओवेन मीनीत १९५३ साली न्यू हॅम्पशरमधल्या ग्रेव्हसेंड नावाच्या (काल्पनिक) गावात बेसबॉलची मॅच चालू असते, बुटक्या ओवेनने मारलेला बॉल जाऊन त्याच्याच जिवलग मित्राच्या, म्हणजे नॅरेटर जॉनच्या आईला लागतो आणि ती तिथेच मरते. दुसरीत १९६२ चा मिनेसोटा आहे. रूबेन नावाचा दम्याचा पोरगा, शाळेत सफाईकाम करणारा त्याचा बाप जेरेमाया, काउबॉयच्या लांबलचक कविता लिहिणारी धाकटी बहीण स्वीड, आणि सोळा वर्षांचा भाऊ डेव्ही, जो रात्री घरात घुसलेल्या दोन गुंड पोरांना गोळ्या घालतो. पुढे डेव्ही जेलमधून पळतो आणि उरलेलं कुटुंब गाडीला ट्रेलर लावून भर हिवाळ्यात नॉर्थ डकोटाकडे त्याला शोधायला निघतं.

ओवेन मीनीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच खूप आहे. ओवेनसारखं कॅरेक्टर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्याचे सगळे डायलॉग कॅपिटल अक्षरांत छापलेत, कारण आवाजच तसा, चिरका, कानात घुसणारा, आणि हे सुरुवातीला डोळ्यांना टोचतं पण थोड्या पानांनंतर तो आवाज खरोखर ऐकू यायला लागतो. ख्रिसमसच्या नाटकात तो बाळ येशू होऊन गव्हाणीत पडलेला असतो आणि प्रेक्षकांत स्वतःचे आई-बाप दिसल्यावर जे काही करतो, तो प्रसंग मी मोठ्याने हसत वाचला आणि मग हसू अर्ध्यावरच थांबलं. ज्यांनी ग्युंटर ग्रासची जर्मन कादंबरी 'टिन ड्रम' वाचलीये त्यांना तर बोनसच आहे. तिचा नायक ऑस्कर मात्सेराथ, हा ओवेन मीनी, आद्याक्षरं तीच, शिवाय तोही बुटका आणि त्याचाही आवाज वेगळाच.

आता माझी तक्रार. जॉन ही गोष्ट सांगतोय १९८७ साली टोरांटोत बसून. तिथे तो मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, चर्चमध्ये जातो आणि पेपर वाचून चिडतो. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष रेगन, त्याच्या सरकारचं इराण-काँट्रा हे छुप्या शस्त्रविक्रीचं प्रकरण, अमेरिका कशी वाया गेली, स्टाफरूममध्ये कोण काय म्हणालं, हे सगळं डायरीसारखं येतं आणि दर थोड्या वेळाने येतं. तिकडे ग्रेव्हसेंडमध्ये ओवेनने काहीतरी भन्नाट सुरू केलेलं असतं, तुम्ही रंगलेले असता आणि पान उलटलं की टोरांटो, तारीख आणि रेगन. भरल्या ताटावरून उठवल्यासारखं होतं. पहिल्यांदा वाटलं ठीक आहे, एकदा येऊन जाईल. पण ते येतच राहिलं आणि नंतर नंतर तर पान उलटायच्या आधीच मी धसका घ्यायला लागलो. पुस्तक सहाशे पानांच्या वर आहे, त्यामुळे टोरांटो वगळून वाचायचा उद्योगही करून बघितला, तर त्याच पानांत मधूनच ओवेनबद्दलची एखादी कामाची गोष्ट टाकून ठेवलेली असते, म्हणजे सोडताही येत नाही. आणि अमेरिकेचं तेव्हाचं राजकारण ज्याला जवळून माहीत नाही त्याला तर ते भांडण कुणाचं आणि कशाबद्दल हेच नीट लागत नाही.

हे मी एका मित्राला बोललो तर तो उखडला. त्याचं म्हणणं की टोरांटो हाच पुस्तकाचा कणा आहे, ज्या माणसाला श्रद्धा मित्राच्या आयुष्यातून उसनी मिळाली तो पुढे असाच कडवट आणि अडकलेला राहणार, अर्व्हिंगला तेच दाखवायचंय. मुद्दा पटतो, खोटं कशाला बोलू. पण मुद्दा पटणं वेगळं आणि रात्री झोपायच्या आधी ती पानं वाचणं वेगळं.

आणि त्या चिडचिडीतूनच मला दुसरी एक गोष्ट दिसली. ओवेन मीनीत शेवटी सगळं जुळतं, अगदी सगळं. त्याचा आवाज, त्याची उंची, दोघं मित्र वर्षानुवर्षं करत बसलेली ती बास्केटबॉलची विचित्र प्रॅक्टिस, हात नसलेल्या वस्तू, एकूण एक धागा एका जागी येऊन बसतो. लेखक म्हणून अर्व्हिंगला सलाम, इतकं घट्ट विणकाम सोपं नाही. पण मग जॉनला विश्वास ठेवायला उरतं काय? त्याच्यासमोर पुरावाच ठेवलाय. जॉन पहिल्याच वाक्यात जवळपास सांगून टाकतो की ओवेनमुळे मी देव मानतो, आणि शेवटी वाटतं की बाबा रे, हे बघून कुणीही मानलं असतं.

पीस लाइक अ रिव्हरमध्ये उलटं आहे. चमत्कार भरपूर आहेत पण ते नको तिथे होतात. रूबेन जन्मल्यावर बारा मिनिटं श्वास घेत नाही, डॉक्टरने सोडून दिलेलं असतं आणि बाप येऊन देवाच्या नावाने त्याला श्वास घ्यायला फर्मावतो. पोरगा जगतो, पण फुफ्फुसं खराब ती खराबच. बाप पुढे घरी आलेल्या खादाड पाहुण्याला सूप वाढतो तर भांडं रिकामं होत नाही. प्रार्थनेच्या तंद्रीत ट्रकच्या कडेवरून पुढे पाऊल टाकतो आणि खाली पडत नाही. आणि मग तो प्रसंग, ज्यावर माझं मत बनलं. शाळेचा मुख्य अधिकारी जेरेमायाला सगळ्या पोरांसमोर अपमान करून कामावरून काढतो, त्या अधिकाऱ्याचा चेहरा कसल्याशा त्वचेच्या आजाराने खराब झालेला असतो, आणि जेरेमाया काही न बोलता हात पुढे करून त्याच्या गालाला नुसता लावतो. चेहरा साफ. रूबेन हे बघत उभा असतो, श्वासाला मोताद असलेला सख्खा मुलगा, आणि त्याच्या मनात येतं की या माणसाला का? मला का नाही? हा प्रश्न पुस्तक पुढची कितीतरी पानं उघडाच ठेवतं. घरात कुणी आजारी असेल आणि देवावर भरवसाही असेल तर हा प्रश्न डोक्यात येऊन गेलेला असतोच. मला तरी सहाशे पानांच्या जुळवाजुळवीपेक्षा तो एक गाल जास्त दिवस आठवत राहिला.

या पुस्तकावर वाचणाऱ्यांची मतं मात्र टोकाची पडतात हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या ओळखीतच बघा. बहिणीला ते अति गोड वाटलं, तिच्या मते नऊ वर्षांची पोरगी असं लिहूच शकत नाही, आणि अडचण आली की चमत्कार हजर, मग टेन्शन कसलं. दुसरीकडे देवाबिवाच्या भानगडीत न पडणाऱ्या एका सहकाऱ्याला ते फार आवडलं, आणि त्याला आवडलं ते डेव्हीमुळे. डेव्हीला सांभाळणारा, उचलून नेणारा देव नकोच असतो, आयुष्य आपल्या हिमतीवर काढायचं हे त्याचं ठाम. म्हणजे नास्तिक वाचकाला बसायला जागा पुस्तकातच ठेवलेली आहे. तिसरं मत एका अतिशय भाविक बाईंचं, त्यांना ते खटकलं, कारण खून केलेल्या मुलाला लेखक झुकतं माप देतो. आणि डेव्ही काही स्वच्छ नाहीच, त्या रात्रीच्या आधी त्यानेच जाऊन त्या पोरांच्या गाडीच्या काचा फोडलेल्या असतात, आणि हे कोर्टात रूबेनच्याच तोंडून बाहेर येतं.

बहिणीचा स्वीडबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. तिच्या कविता काही ठिकाणी फारच लांबतात, मी दुसऱ्या वेळी सरळ उडी मारून पुढे गेलो आणि काही बिघडलं नाही. व्हिलनही जरा जुन्या काउबॉय सिनेमातले आहेत. पण गोडपणाचा आरोप मला अर्धाच पटतो. पुस्तकाचं नाव ज्या भजनाच्या पहिल्या ओळीतून आलंय ते होरेशियो स्पॅफर्डने लिहिलं ते १८७३ मध्ये अटलांटिकमध्ये जहाज बुडून त्याच्या चार मुली गेल्या त्यानंतर. नदीसारखी शांतता असं म्हणणारा माणूस कुठून बोलतोय हे माहीत झालं की त्या गोडव्याची चव बदलते. शिवाय रूबेन कुठेही तुमच्यावर विश्वास लादत नाही. मी हे पाहिलं, तुम्हाला काय समजायचं ते समजा, एवढंच त्याचं म्हणणं. साक्षीदार आहे तो, वकील नाही.

शेवट हा या पुस्तकाचा सगळ्यात वादाचा भाग, तिथे लेखक एक मोठी उडी घेतो आणि काहीजण तिथे त्याचा हात सोडतात. मी सोडला नाही, पण सोडणाऱ्यांशी भांडणारही नाही.

तर निवड. तुम्हाला प्लॉटची कारागिरी आवडते, कडवट विनोद चालतो, व्हिएतनामच्या काळातली अमेरिका वाचायची इच्छा आहे आणि मोठ्या पुस्तकाची भीती नाही, तर ओवेन मीनी घ्या, ते मोठं पुस्तक आहे आणि साहित्य म्हणून कदाचित वरचंही असेल, मी नाही म्हणणार नाही. पण गोष्ट एका घराची हवी असेल, बाप-मुलगा, भावंडं, एका गाडीत कोंबलेली, आणि श्रद्धा हा घरातलाच कुणीतरी सदस्य असल्यासारखी, तर तीनशेच्या आसपास पानांची पीस लाइक अ रिव्हर. दोन्ही वाचणार असाल तर मी म्हणेन हीच आधी. ओवेन मीनी आधी घेऊन टोरांटोपाशी बुकमार्क अडकलेले दोन-तीन जण मला माहीत आहेत, आणि 'श्रद्धेवरची पुस्तकं आपल्याला झेपत नाहीत' असं म्हणून त्यांनी दुसरं उघडलंच नाही.